कॅज्युअल की सिरियस? गेम पार्लर नेमकं कोणासाठी लावावं

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नागपुरात त्रिमूर्ती नगरकडे पहिल्या मजल्यावर १२ बाय २० फुटांचा गाळा मिळतोय, वर थेट स्लॅब आहे, बजेट ६ लाखांच्या आत. मोठा भाऊ म्हणतो, पाच दमदार पीसी लावू. मित्र म्हणतो, दोन पीएस५ (सोनीचे टीव्हीला जोडायचे गेम कन्सोल) आणि दोन मोठे टीव्ही पुरेत. तुम्ही विचारताय, गेम मुळात आवडतात कोणाला? अधूनमधून तासभर येणाऱ्यांना की रोज मन लावून खेळणाऱ्यांना? एकदा ते कळलं की पैसे त्या बाजूला लावायचे.

अडचण अशी की गेम असे दोन ढिगांत वाटता येत नाहीत, आणि माणसंही वाटता येत नाहीत. जो पोरगा मंगळवारी दुपारी व्हॅलोरंट या ऑनलाइन बंदुकीच्या गेममध्ये रँकसाठी घाम गाळतो, तोच रविवारी संध्याकाळी मावसभावांना घेऊन येतो आणि क्रिकेट लावून दोन तास हसत-खिदळत बसतो. कँडी क्रश २०१२ चा. शिकायला दोन मिनिटंही लागत नाहीत म्हणून सगळे त्याला टाइमपास म्हणतात, पण तो वर्षानुवर्षं न चुकता खेळणारी माणसं घराघरांत आहेत. गेम सोपा असला म्हणून खेळणारा वरवरचा ठरत नाही. म्हणून ‘कोणाला आवडतात’ हे बाजूला ठेवा आणि प्रत्येक गेमला तीन गोष्टी विचारा. पहिल्या पाच मिनिटांत हा गेम माणसाकडून काय मागतो? मधेच उठलं तर काय बुडतं? आणि कमावलेलं कुठे साठतं, त्या खुर्चीवर की खेळणाऱ्याच्या स्वतःच्या अकाउंटवर? तुमच्या गाळ्यात काय लावायचं ते या तीन उत्तरांवरून ठरेल.

पहिली गोष्ट या धंद्याइतकीच जुनी आहे. १९७१ मध्ये कॉम्प्युटर स्पेस नावाचं नाणं टाकून खेळायचं मशीन आलं. त्यात यान वळवायचं वेगळं बटण, पुढे ढकलायचं वेगळं, गोळी मारायचं वेगळं. बारमध्ये आलेल्या माणसाला ते झेपलं नाही. पुढच्याच वर्षी ते मशीन बनवणाऱ्यांनीच अटारी या कंपनीतर्फे पाँग आणला. एका खेळाडूला एकच गोल खुंटी, आणि सूचना एवढीच की जास्त गुण हवे असतील तर चेंडू चुकवू नका. तो धो-धो चालला. आजचं मशीन हजारपट ताकदवान झालं, पण पहिल्यांदा बसणारा माणूस तोच आहे.

त्याच्याकडे जवळून पाहा. पहिल्यांदा कंट्रोलर हातात घेणारा (आपल्याकडे सगळे त्याला रिमोटच म्हणतात) आधी रिमोटकडे पाहतो, मग टीव्हीकडे, परत रिमोटकडे. डावा अंगठा लगेच कामाला लागतो, कारण ‘इकडे ढकललं की तिकडे जातो’ हे सांगावं लागत नाही. उजवा अंगठा मात्र चार बटणांवरच चिकटलेला असतो, उजव्या स्टिककडे (अंगठ्याने फिरवायच्या छोट्या दांडीकडे) जातच नाही. ज्या गेममध्ये डाव्या स्टिकने चालायचं आणि उजव्या स्टिकने नजर फिरवायची, तिथे या माणसाचं पात्र भिंतीला नाक लावून चालत राहतं, नाहीतर नजर आभाळात अडकते. पाच मिनिटांत तो रिमोट मित्राच्या हातात देतो आणि म्हणतो, तू खेळ, मी बघतो. त्याला गेम आवडला नाही असं नाही. दोन अंगठ्यांना दोन वेगळी कामं देणं ही सवय आहे, आणि ती लागायला काही तास जातात.

म्हणून माझा पहिला नियम: येणाऱ्या-जाणाऱ्या माणसासाठी कॅमेरा, म्हणजे पडद्यावरची नजर, स्वतःच सांभाळणारा गेम ठेवा. फुटबॉलचा ईए स्पोर्ट्स एफसी (२०२३ पर्यंत हाच फिफा नावाने यायचा), क्रिकेट २४, मारामारीचा टेकन, गाड्यांचे गेम. या सगळ्यांत नजर फिरवावी लागत नाही. उलट बंदुकीचा कोणताही गेम रिमोटवर पहिल्यांदा खेळणाऱ्यापुढे ठेवू नका, त्याने स्वतः मागितला तरी आधी दहा मिनिटं दुसरं काही द्या.

यातला टेकन मला सगळ्यात जास्त उपयोगी वाटतो, कारण तो दोन्ही प्रकारच्या लोकांना धरून ठेवतो. दोन नवखे बसले तर बटणं बदडत सुटतात आणि कोणीही जिंकू शकतो. तीन राउंड जिंकले की सामना संपला, म्हणजे दोन-चार मिनिटांत रिमोट पुढच्याच्या हातात. त्याच गेममध्ये मुरलेला खेळाडू फ्रेम (पडद्यावर येणारं एक-एक चित्र) मोजत बसतो. गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, साधा ठोसा दहाव्या फ्रेमला लागतो, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. समोरच्याचा कोणता वार अडवला की आपल्याला तेवढी फट मिळते, हे त्याला पाठ असतं. गेम एकच, खोली दोन्हीकडे. फक्त या दोघांना एकमेकांसमोर बसवू नका. मुरलेला नवख्याला सलग चार वेळा धुतो आणि तो नवखा परत तुमच्या दारात येत नाही. ‘जिंकेल तो बसेल’ हा नियम मित्रांच्या घोळक्यात ठीक आहे, अनोळखी लोकांत लावला की अर्ध्या तासात बाकीचे निघून जातात.

मित्रांच्या घोळक्यावरून आठवलं. रिचर्ड बार्टल या गेम डिझायनरने १९९६ मध्ये खेळाडूंचे चार स्वभाव सांगितले: काहीतरी मिळवायला खेळणारे, धुंडाळायला खेळणारे, लोकांच्या सोबतीसाठी खेळणारे आणि दुसऱ्याला हरवायला खेळणारे. त्याने ते त्या काळच्या अक्षरांवर चालणाऱ्या ऑनलाइन गेमसाठी मांडलं होतं, पण पार्लरमध्ये एक भेद तसाच दिसतो. ज्याला आपण टाइमपासवाला म्हणतो तो बहुतेक वेळा सोबतीसाठी आलेला असतो. त्याला सोफा लागतो, शेजारी मित्र लागतो, बघायला मोठा पडदा लागतो. ग्राफिक कार्ड कोणतं, हे तो विचारत नाही. पैशाच्या हिशोबातही हे महत्त्वाचं आहे: एका पीएस५ला चार रिमोट जोडता येतात आणि एफसीत दोन विरुद्ध दोन खेळता येतं, म्हणजे एका मशीनवर चार गिऱ्हाइकं. पीसीवर एका मशीनला एकच.

कन्सोलच्या बाजूला खर्च न करता फरक पाडणाऱ्या सेटिंग आधी सांगतो. टीव्हीत ‘गेम मोड’ चालू करा. तो बंद असला की टीव्ही चित्र सुधारण्यात वेळ घालवतो, बटण दाबल्यावर खेळाडू उशिरा हलतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं रिमोट खराब आहे. एफसीत हाफ ४ मिनिटांचा ठेवा. रीप्ले, बदली वगैरे धरून सामना १२ मिनिटांच्या आसपास संपतो, तासात चार सामने आरामात. गाड्यांच्या गेममध्ये स्टिअरिंग आणि ब्रेकची मदत चालू ठेवा, रस्त्यावरची मार्गरेषा दाखवा. फोर्झा होरायझन ५ मध्ये चूक झाली की वेळ मागे नेता येते, नवख्याला तेवढ्यानेच धीर येतो. रिमोटला रंगीत टेप लावा, लाल पहिला, निळा दुसरा, ‘माझा कोणता?’ या गोंधळात प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटं जातात. आणि लहान पोरं येऊन जीटीए मागतील. तो १८ वर्षांवरच्यांसाठीचा गेम आहे, पोरांना देऊ नका. वस्तीतल्या एका आईने आत डोकावून पाहिलं तरी पार्लरचं नाव खराब व्हायला तेवढं पुरे.

आता दुसरी बाजू, रोज खेळणारा. तो आल्यावर काय करतो ते बघा. खुर्ची खाली-वर करतो, कीबोर्ड तिरपा सरकवतो म्हणजे माउसला जागा मिळेल, आणि गेम उघडायच्या आधी विंडोजमध्ये जाऊन दोन गोष्टी तपासतो: मॉनिटर किती हर्ट्झवर चालू आहे (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो), आणि माउसचं ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ (हाताच्या वेगाप्रमाणे बाणाची चाल बदलणारी सेटिंग) बंद आहे का. इथे बहुतेक नवे पार्लरवाले मार खातात. १४४ हर्ट्झचा मॉनिटर महाग पडतो म्हणून कौतुकाने लावतात आणि विंडोजमध्ये तो ६० वरच राहतो, कारण कोणी सेटिंग बदललेलीच नसते, किंवा मॉनिटरसोबत आलेली डिस्प्लेपोर्टची वायर सोडून जुनी एचडीएमआय लावलेली असते. ६० वर दर १६.७ मिलिसेकंदाला नवं चित्र, १४४ वर दर ६.९ ला. टाइमपासवाल्याला हा फरक कळत नाही. याला पहिल्याच मिनिटाला कळतो, आणि तो मित्रांना सांगतो.

याच्या बाबतीत तिसरा प्रश्न निर्णायक आहे. याची सगळी कमाई त्याच्या अकाउंटवर असते, तुमच्या खुर्चीवर नाही. व्हॅलोरंटमध्ये लेव्हल २० झाल्याशिवाय रँकची मॅच खेळताच येत नाही, म्हणजे जो आला तो आधीच कितीतरी तास घालून आलेला असतो. तो खुर्चीशी बांधलेला नाही, समोरच्या गल्लीत चांगला माउस मिळाला तर उद्या तिकडे जाईल. त्याला टिकवायचं तर सगळी मशीन एकसारखी हवीत. पाचही जागी एकाच मॉडेलचा माउस, तोच मोठा पॅड, तोच मॉनिटर. पाच जागी पाच तऱ्हेचे माउस असले की पोरं एकाच पीसीसाठी थांबून राहतात आणि चार रिकामे पडतात.

आणि पीसी लावायचे तर पाचच लावा, चार नको. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ या दोन्हींत टीम पाच जणांची असते. चार मशीन असली की पाचवा मित्र बाहेर राहतो, आणि त्याच्यासाठी पाचही जण दुसरीकडे जातात. काउंटर-स्ट्राइक आणि व्हॅलोरंट दोन्ही फुकट आहेत, त्यामुळे गेमचा खर्च नाही. दोघांचे सर्व्हर मुंबईला आहेत. खेळायला डेटा फार लागत नाही, पण इंटरनेटची लाइन स्थिर हवी. एकाने डाउनलोड लावला की पाचही जणांचा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) उसळतो, म्हणून अपडेट सकाळी दुकान उघडायच्या आधी करा. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातले गेम एका पीसीवर उतरवले की बाकीचे घरच्या घरी नेटवर्कवरून घेतात, ती सोय स्टीममध्येच आहे, चालू करून ठेवा.

व्हॅलोरंटची एक खोच लक्षात घ्या. त्याचं चीटिंग पकडणारं व्हॅनगार्ड हे सॉफ्टवेअर विंडोजसोबतच सुरू व्हावं लागतं, आणि विंडोज ११ वर टीपीएम २.० व सिक्युअर बूट (मशीनमधल्या सुरक्षेच्या दोन सोयी) चालू मागतं. जुने वापरलेले पीसी स्वस्तात घेताना मदरबोर्डमध्ये हे आहे का ते बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) जाऊन बघूनच पैसे द्या. रीस्टार्ट केल्यावर डिस्क मूळ स्थितीला नेणारं सॉफ्टवेअर टाकणार असाल तर गेम वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा आणि तो ड्राइव्ह त्यातून वगळा, नाहीतर रोज सकाळी तेच अपडेट पुन्हा उतरतं.

वेळ विकण्याची पद्धतही दोघांची वेगळी हवी. दुसरा प्रश्न आठवा, मधेच उठलं तर काय बुडतं? टेकनमध्ये काहीच नाही. व्हॅलोरंटची रँक मॅच १३ राउंड जिंकेपर्यंत चालते, साधारण ३५-४० मिनिटं, कधी जास्त. मधून उठलं तर दंड बसतो आणि चार साथीदारांचाही खेळ बुडतो. अशा माणसाला एक तास विकला की ५५व्या मिनिटाला भांडण ठरलेलं. त्याला दीड तास विका, दोन मॅच बसतात, किंवा पाच तासांचा पास द्या. काउंटरवरच्याने ४० मिनिटं उरली की येऊन सांगायचं, ‘यानंतर नवीन मॅच लावायची तर वेळ वाढव’. कन्सोलवर उलट: अर्ध्या तासाचा दर ठेवाच. टाइमपासवाला ‘चल, अर्धा तास’ म्हणूनच आत येतो, आणि बहुतेक वेळा तासभर बसतो.

इथवर एवढं ठरलं: सोबतीसाठी येणाऱ्याला मोठा पडदा, छोटे सामने, अर्ध्या तासाचा दर, रोजच्या खेळाडूला पाच सारखी मशीन, स्थिर लाइन, लांब पास. आता तुमच्या गाळ्याकडे येऊ, कारण तिथे गेमपेक्षा ऊन जास्त बोलतं.

पीसी जेवढी वीज खातो तेवढी सगळी उष्णता होऊन खोलीतच राहते. मॉनिटर धरून खेळताना एक पीसी ३०० वॉट धरा, पाचांचे १५००. दोन पीएस५ आणि टीव्ही मिळून ६००. माणूस बसल्याबसल्या १०० वॉट उष्णता सोडतो, १२ माणसांचे १२००. झाले ३३०० वॉट. एक टनाचा एसी साधारण ३५०० वॉट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे एक टन तर आतल्याच गोष्टींत संपला. वर मे महिन्यात ४५ अंशांत तापलेला स्लॅब आणि पश्चिमेची भिंत बाकीच आहे. दीड टनाचा एकच एसी लावला तर नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) दुपारी दोनला मशीन गरम होऊन गेम अडखळायला लागेल. दीड-दीड टनाचे दोन घ्या, स्लॅबला वरून पांढरा उष्णतारोधक रंग द्या, आणि महावितरणचा मंजूर भार किती आहे ते डिपॉझिट देण्याआधी बिलावर बघा.

कूलरवर भागवायचा विचार पीसीच्या खोलीत करू नका. कूलर बाहेरची धूळ आणि ओलावा दोन्ही आत ओढतो. ओली धूळ हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) पात्यांत थापून बसते, नुसत्या ब्लोअरने निघत नाही, आणि कार्ड तापून वेग कमी करतं. फक्त दोन कन्सोल असतील तर एप्रिलपर्यंत कूलरवर निभतं, पण तोंड थेट मशीनकडे नको. प्रत्येक पीसीला वेगळा यूपीएस हवा. ६०० व्हीएचा साधारण ३६० वॉटचा भार पेलतो, तेवढ्याने लाइट गेल्यावर तीन-चार मिनिटं मिळतात, व्यवस्थित बंद करायला पुरतात. राउटरलाही यूपीएस लावायला विसरू नका. पावसाळ्यात विजा चमकायला लागल्या की ज्याचं अर्थिंग कच्चं त्याचे पोर्ट जळतात, तेव्हा अर्थिंग आधी तपासून घ्या.

ऊन गिऱ्हाइकाचं वेळापत्रकही ठरवतं. मे महिन्यात दुपारी १२ ते ५ नागपूरचे रस्ते ओस असतात, घरची मंडळी दिवस कलल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. त्या वेळात एसीच्या ओढीने बसून राहतो तो रोजचा खेळाडू. संध्याकाळ आणि रविवार सोबतीवाल्यांचे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटाकडे उघडतात, म्हणजे सुट्टीचा हंगाम इथे थोडा लांब. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा, तेव्हा कन्सोल रिकामे राहणार हे धरूनच चाला.

मग तुम्ही काय करावं? त्रिमूर्ती नगर ही कुटुंबांची वस्ती. मी तिथे आधी दोन पीएस५, दोन ५५ इंची टीव्ही आणि सहा रिमोट लावीन, आणि त्याच वेळी भिंतीलगत पाच पीसींची वायरिंग, नेटवर्कच्या तारा आणि वेगळा एमसीबी करून ठेवीन. पीसी तीन-चार महिन्यांनी. हाच गाळा हिंगणा रोडवर वानाडोंगरीकडे, इंजिनिअरिंगच्या होस्टेलांपासून पायी अंतरावर असता तर उलटं सांगितलं असतं: पाच पीसी आधी, एक पीएस५ सोबतीला. तुमच्या गाळ्यापासून दहा मिनिटांच्या चालीत किती होस्टेल, किती पीजी आहेत, ते एकदा फिरून मोजा. पंधरापेक्षा जास्त निघाले तर तुमच्या भावाचं ऐका.

झिजणाऱ्या वस्तूंचा पैसा बाजूला ठेवा. रिमोटच्या स्टिकखालचे पोटेन्शिओमीटर (स्टिक किती वळली ते मोजणारे भाग) घासले की खेळाडू आपोआप एका बाजूला सरकतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काही दिवस निघतात, नंतर सोल्डर काढून मॉड्यूल बदलावंच लागतं. म्हणून चार चालू तर दोन राखीव. माउसला एका क्लिकचे दोन व्हायला लागतात, हेडफोनची वायर कानाच्या कपाजवळच पहिली तुटते, तेव्हा वायर सुटी करता येणारे घ्या. खाण्याची जागा दाराशी ठेवा. तर्रीचं बोट कीबोर्डला एकदा लागलं की तो चिकटपणा महिनाभर जात नाही.

पैसे लावून मॅच खेळू देऊ नका, कोणी कितीही म्हटलं तरी. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली, ई-स्पोर्ट्स त्यात वेगळे ठेवले. पार्लरचा परवाना आणि दुकानाची नोंदणी याबद्दल महापालिका आणि पोलीस ठाण्यात भाडेकराराच्या आधीच विचारा. घरगुती वापराचे गेम दुकानात चालवण्याला परवान्याची अडचण येते. स्टीमचा पीसी कॅफेंसाठी वेगळा कार्यक्रम आहे, तो बघा.

आणि पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. प्रत्येक गिऱ्हाइकामागे चार रकाने: किती जण आले, काय मागितलं, किती वेळ बसले, आणि परत केव्हा आले. नाव-नंबर नको, ‘चष्मा, पल्सर’ एवढी खूण पुरते. आठवड्यात तीनदा येणारे वीसच्या वर गेले आणि ते टेकनऐवजी व्हॅलोरंट आहे का विचारायला लागले, की भिंतीतल्या त्या तारांना पीसी जोडा.